पीएचक्यू-९: प्रश्नावली उत्तम, पण नुसती बेरीज पाहू नका

कॉलेजच्या समुपदेशन कक्षात नैराश्याची पहिली चाचपणी करायला पीएचक्यू-९ इतकं सोपं साधन क्वचितच सापडेल. फुकट आहे, मराठीत मिळते, पाच मिनिटांत भरून होते. गेल्या दोन आठवड्यांतल्या त्रासाबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा जास्त आली की सविस्तर मुलाखत घ्यायचीच. मात्र हे निदान नव्हे. शिवाय ताण मोजायचा असेल तर डास-२१ ही दुसरी प्रश्नावली वेगळी द्यावी लागते.

प्रश्नावली तोकडी पडते ती मुलग्यांच्या बाबतीत. चिडचिड, भांडणं, दारू यांतलं ती काहीच विचारत नाही. 'उदास वाटतं का' याला मुलगा शून्य लावून मोकळा होतो. झोपेला ३, थकव्याला ३, एकाग्रतेला २ देतो. बेरीज ८, आणि फाइल बंद! राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) २०२२ च्या अहवालात आत्महत्या केलेल्यांमध्ये सुमारे ७२ टक्के पुरुष होते, हे लक्षात ठेवून असा कागद पुन्हा वाचावा. व्यसन आणि राग यांवरचे दोन-तीन प्रश्न तोंडी विचारावेत. त्यांचे गुण बेरजेत धरू नयेत.

मुलींच्या बाबतीत घोळ वेगळा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (एनएफएचएस-५) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, त्यामुळे थकव्याचे गुण त्यानेही वाढू शकतात. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, पाळीची तारीख विचारा. पण 'पाळीमुळे होत असेल' म्हणून मुलीला परत पाठवू नका. रक्तक्षय आणि नैराश्य एकत्रही असतात.

वर्गात बाकाला बाक लावून ही प्रश्नावली भरून घेऊ नये. शेजारचा डोकावतो, आणि खरी उत्तरं येत नाहीत. परीक्षेच्या तोंडावर झोप आणि एकाग्रतेचे गुण वाढतातच. अशा वेळी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा द्यावी, मात्र बेरीज मोठी असेल तर थांबू नये.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे १ जरी असला, तरी बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी, विद्यार्थी खोलीत असतानाच बोलायला हवं. म्हणून ऑनलाइन फॉर्म रात्री उघडा ठेवणं धोक्याचं: उत्तर येतं, वाचायला कुणी नसतं. फॉर्मवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक ठळक छापा.