सेंट्रल पार्कातला अँडरसनचा पुतळा, लहान मुलं बरोबर असतील तर चुकवूच नका

न्यूयॉर्कला आलेली आपली मंडळी टाइम्स स्क्वेअर आणि लिबर्टी करून दमतात आणि हे राहूनच जातं, म्हणून मुद्दाम लिहितेय. पार्कात पूर्वेच्या बाजूला, ७४व्या रस्त्याच्या आसपास खेळण्यातल्या बोटी सोडायचं तळं आहे, त्याच्या काठावर मुलांसाठी परीकथा लिहिणारा डॅनिश लेखक हान्स ख्रिश्चन अँडरसन बसलाय. ब्राँझचा, चांगला दणदणीत, ग्रॅनाइटच्या बाकावर, मांडीवर उघडं पुस्तक, शेजारी हॅट काढून ठेवलेली आणि समोर खाली बदकाचं पिल्लू. गदिमांचं बदकांच्या पिल्लांचं गाणं ऐकत आपण मोठे झालो ना, त्यातलं ते कुरूप पिल्लू मूळचं यांच्याच गोष्टीतलं!

मला सगळ्यात काय आवडलं तर इथे मुलांना कोणी अडवत नाही. कुंपण नाही की उंच चौथरा नाही, पोरं सरळ मांडीवर चढतात, पुस्तकावर ठाण मांडतात, पिल्लाला मिठ्या मारतात. इतकी वर्षं चढून चढून जिथे जिथे हात आणि चड्ड्या घासल्यात तिथलं ब्राँझ पिवळंधमक चकचकीत झालंय आणि बाकीचं अंग काळपटच. आपल्याकडे बागेतला साहित्यिक बहुतेक वेळा उंचावर, जयंतीला हार आणि वर्षभर कबुतरं, तेव्हा हे बघून खरंच वाटलं की मुलांच्या लेखकाचं स्मारक करावं तर असं, मुलांच्या हाताला लागेल असं.

पुतळा १९५६ चा, शिल्पकार जॉर्ज लोबर. अँडरसनचा जन्म १८०५ चा, त्याच्या दीडशे वर्षांच्या निमित्ताने केलेला, आणि यासाठी डेन्मार्क आणि अमेरिकेतल्या शाळेच्या मुलांनीही पैसे जमवले होते. ते पिल्लू १९७३ मध्ये चक्क चोरीला गेलं होतं, नशीब परत मिळालं.

उन्हाळ्यात शनिवारी सकाळी ११ ला पुतळ्यासमोर गोष्टी सांगतात, फुकट, त्या वर्षीच्या तारखा तेवढ्या आधी बघून घ्या. फोटो निवांत हवे असतील तर मात्र आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी लवकर जा, कारण सुट्टीला मांडीवर नंबर लागतात आणि जुलैच्या दुपारी ब्राँझ असं तापतं की उघड्या पायांना चटका बसतो. सबवेची ६ नंबर घेऊन ७७व्या रस्त्याला उतरा, तिथून पश्चिमेला चालत पार्कात. आणि तळ्याच्या उत्तरेला 'ॲलिस इन वंडरलँड'मधल्या ॲलिसचा पुतळा आहे, १९५९ चा, त्यावर पण चढू देतात, त्यामुळे दोन तास तरी हाताशी ठेवा.