ठाण्यातला रविवारचा स्काउट ग्रुप, आता मुलींसाठीसुद्धा: आतल्या लीडरचा रिव्ह्यू

घोडबंदर रोडच्या पालकांमध्ये दर जूनला हा प्रश्न फिरतो, की मुलीला स्काउटला पाठवू का, तिथे सगळी मुलंच असतात ना? प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. आधी हे सांगतो की मी या ग्रुपमध्ये व्हॉलंटिअर आहे, मुलांच्या ट्रूपचा, म्हणजे तुकडीचा, स्काउटमास्टर, मानधन वगैरे काही नाही, त्यामुळे हा बाहेरच्या माणसाचा रिव्ह्यू नाही हे धरून वाचा. ग्रुपचं नाव आणि मैदान इथे टाकत नाहीये कारण मुलं कुठे आणि किती वाजता जमतात हे उघड्यावर लिहायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे, ज्यांना खरंच पाठवायचंय त्यांना मेसेजवर सांगेन.

रेटिंग विचाराल तर मुलांसाठी पाचपैकी चार, मुलींसाठी आजच्या घडीला साडेतीन. तो अर्धा स्टार कुठे गेला ते पुढे येईलच.

मिळतं काय? रविवारी सकाळी ध्वज, प्रार्थना, बी.पी. सिक्स म्हणजे स्काउटिंगचे संस्थापक बेडन पॉवेल यांचे सहा व्यायाम, मग गाठी, मागाच्या खुणा, कंपास, फर्स्ट एड, खेळ. अधूनमधून येऊरला हाईक, वर्षातून एक मुक्कामी कॅम्प, दिवाळीच्या आधी खरी कमाई, म्हणजे छोटी कामं करून स्वतः पैसे कमवणं. येऊर नॅशनल पार्कच्या हद्दीत येतं, बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे तिथे आपण सकाळी जाऊन उजेडात परत, चूल नाही, मुक्काम नाही. मुक्कामाचा कॅम्प शहापूर-मुरबाड बाजूला असतो. फी किरकोळ आहे, युनिफॉर्मचा खर्च वेगळा. सामान जुनं आहे पण दणकट, कॅनव्हासचे जड तंबू आहेत, मुलांना उचलताना घाम फुटतो, पण पावसात आजकालच्या पॉप-अप तंबूंपेक्षा हेच टिकतात असं माझं मत आहे.

आता मुलींबद्दल, कारण मुद्दा तोच आहे.

खूप जणांना वाटतं की आपल्याकडे मुलींना स्काउटिंग बंद होतं आणि आता उघडलं. कागदावर तसं कधीच नव्हतं. भारत स्काउट्स अँड गाईड्समध्ये लहानांसाठी कब आणि बुलबुल, दहा ते सतरा वयाला स्काउट आणि गाईड, पुढे रोव्हर आणि रेंजर, प्रत्येक टप्प्यावर मुलग्यांची आणि मुलींची जोडी आहे. स्काउटांच्या संघटना ७ नोव्हेंबर १९५० ला एक झाल्या आणि १५ ऑगस्ट १९५१ ला गर्ल गाईड्सही त्यात आल्या, तेव्हापासून एकच संस्था आहे. प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान (म्हणजे परीक्षेच्या पायऱ्या), राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार, दोघांना शिडी सारखीच. पण मुलींची कंपनी, म्हणजे मुलींचा ट्रूप, चालवायला गाईड कॅप्टन लागते, म्हणजे बाई लीडर, आणि शाळेबाहेरच्या ओपन ग्रुपला ती मिळत नाही, मग कंपनी निघतच नाही, आणि नियमात सगळं असूनही मैदानावर फक्त मुलगे दिसतात. आमच्याकडे बरीच वर्षं हेच चाललं होतं. मुली यायच्या, भावाला सोडायला आईबरोबर, आणि कट्ट्यावर बसून दोन तास बघायच्या. त्यातल्या एकीला बघून बघून क्लोव्ह हिच ही गाठ यायला लागली होती, आमच्या नव्या मुलांना यायच्या आधी.

हे काही फक्त ठाण्यात झालं असं नाही, जगभर हेच झालंय आणि ते वाचल्यावर मला खूप काही कळलं. १९०९ ला लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेसला स्काउटांचा पहिला मोठा मेळावा झाला, तिथे मुली स्वतःच युनिफॉर्म करून हजर झाल्या की आम्हीपण स्काउट आहोत. त्यानंतर १९१० ला बेडन पॉवेलनी बहीण अ‍ॅग्नेस यांच्याकडे सूत्रं देऊन गर्ल गाईड्स सुरू केलं. अमेरिकेत तर हा प्रश्न शंभर वर्षांहून जास्त लांबला. तिथे बॉय स्काउट्स १९१० ला सुरू झाली, गर्ल स्काउट्स १९१२ ला, दोन वेगळ्या संस्था, वेगळा कार्यक्रम. मुलग्यांच्या कब पॅकच्या मीटिंगला बहिणी यायच्या, सगळं करायच्या, बॅज मात्र भावाला. ऑक्टोबर २०१७ ला बॉय स्काउट्स ऑफ अमेरिकाने जाहीर केलं की मुलींना घेणार, २०१८ ला कब वयाच्या मुली आल्या, १ फेब्रुवारी २०१९ पासून मोठ्या मुली, आणि मोठ्यांच्या कार्यक्रमाचं नाव स्काउट्स बीएसए झालं. गर्ल स्काउट्सवाल्या चिडल्या, २०१८ लाच कोर्टात गेल्या की यांच्या जाहिरातींनी आमचं नाव आणि यांचं नाव लोकांच्या डोक्यात एक होतंय, २०२२ ला निकाल बॉय स्काउट्सच्या बाजूने लागला. ८ फेब्रुवारी २०२५ पासून तर संस्थेच्या नावातूनच बॉय हा शब्द गेला, आता ती स्काउटिंग अमेरिका आहे.

गर्ल स्काउट्सचा राग मला समजतो. शंभर वर्षं मुलींसाठीच राबलेली संस्था, तिच्या शेजारी मोठं दुकान उघडलं तर राग येणारच. पण तिथल्या मुलींनी जे केलं त्याचा मला जास्त अभिमान वाटतो. ईगल स्काउट हा तिथला सगळ्यात वरचा दर्जा, त्याला किमान २१ मेरिट बॅज आणि स्वतः आखून पार पाडलेला समाजसेवेचा प्रोजेक्ट लागतो. मुलींसाठी यातलं काहीही कमी केलं नाही, आणि फेब्रुवारी २०२१ ला मुलींची पहिली ईगल तुकडी जाहीर झाली तेव्हा त्यात जवळपास हजार मुली होत्या. दोन वर्षांत. कोणी म्हणत होतं की मुली आल्या की स्टँडर्ड खाली येणार, त्याला यापेक्षा सरळ उत्तर काय द्यायचं.

आपल्याकडचे आजोबा लोक म्हणतात, "अहो सर, स्काउट मुळात मुलग्यांसाठीच केलेलं ना?" हो, १९०७ ला ब्राउन्सी बेटावरच्या पहिल्या कॅम्पला मुलगेच होते. पण मग हेही आठवावं की १९०९ ला भारतात स्काउटिंग आलं तेव्हा ते इंग्रज आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होतं, भारतीय मुलांना घेत नव्हते. मालवीयजी, हृदयनाथ कुंझरू, अ‍ॅनी बेझंट अशा लोकांनी आपल्या मुलांसाठी वेगळ्या संघटना उभ्या केल्या तेव्हा आपल्याला स्काउटिंग मिळालं. मुळात कोणासाठी होतं हा हिशोब काढला तर मी आणि माझा ट्रूप पण बाहेरच राहतो.

आता मैदानावर काय ठरवलं ते. मुली घ्यायच्या ठरल्यावर आमच्यातल्या काही जणांचं म्हणणं होतं की पॅट्रोल, म्हणजे ट्रूपमधल्या छोट्या टोळ्या, मिक्सच करू, शाळेत एकत्र बसतातच की. ब्रिटनमध्ये तसंच आहे, १९७६ ला मोठ्या वयाच्या गटात मुली घेतल्या, १९९१ ला सगळ्या गटांना परवानगी दिली आणि २००७ पासून सगळीकडे एकत्र. म्हणून आपणही काही हाईकला खेळ आणि प्रॅक्टिससाठी मिक्स टोळ्या करून बघितल्या. आणि दर वेळी, कोणी काहीही सांगितलेलं नसताना, नकाशा आणि कंपास मुलाच्या हातात, डबे आणि पाण्याच्या बाटल्यांचा हिशोब मुलीकडे. लॉगबुक मुलीकडे कारण अक्षर चांगलं. दोर बांधायची वेळ आली की मुलगा म्हणणार "दे इकडे, मी करतो", मदत म्हणूनच म्हणायचा, त्यात वाईट काही नाही, पण गाठ शेवटी त्याचीच बसायची आणि ती बघत राहायची. अकरा-बारा वर्षांची मुलं आहेत ती, घरात जे बघतात तेच करतात.

म्हणून पॅट्रोल वेगळी ठेवली, मुलींची वेगळी, मुलग्यांची वेगळी, कागदोपत्रीही गाईड कंपनी आणि स्काउट ट्रूप. ध्वज, शेकोटी, हाईक, खेळ एकत्र. कोर्ट ऑफ ऑनर म्हणजे लीडरांच्या बैठकीला सगळे पॅट्रोल लीडर एकत्र बसतात आणि कॅम्पचे निर्णय मिळून घेतात. अमेरिकेत २०१९ ला मोठ्यांचं सुरू झालं ते याच पद्धतीने, ट्रूप वेगळे, अभ्यासक्रम आणि परीक्षा तीच. मला हीच पद्धत या वयाला पटते. पंधरा-सोळानंतर, रोव्हर-रेंजरच्या वयात, बरंचसं एकत्र करायला हरकत नाही, तोपर्यंत प्रत्येकाच्या हाताला सगळी कामं लागलेली असतात.

फरक लगेच दिसला. मुलींच्या पॅट्रोलमध्ये तंबू लावायला मुलींशिवाय कोणीच नाही, मग लावावाच लागतो. पहिल्या मुक्कामी कॅम्पला रात्री वारा सुटला आणि त्यांचा तंबू एका बाजूने बसला, गाईड कॅप्टन ताई बॅटरी धरून उभ्या राहिल्या पण खुंटीला हात लावला नाही, पोरींनी आपसात भांडत, ओरडत, दोर परत ताणून उभा केला. दुसऱ्या दिवशी तपासणीला त्यांच्या खुंट्या सगळ्यात खोल होत्या. आणि जे मला अपेक्षित नव्हतं ते असं की फायदा मुलग्यांनाही झाला, कारण आता त्यांच्या पॅट्रोलमध्ये कांदा चिरायला, खिचडी हलवायला, करपलेलं पातेलं घासायला दुसरं कोणी नाही. एका आईने सांगितलं की "सर, घरी आल्यावर स्वतःचं ताट स्वतः घासायला लागलाय." हे ऐकून मला कुठल्याही बॅजपेक्षा बरं वाटलं.

मुलग्यांनी कुरकुर केली का? केली. "सर, त्या कशाला, आपलं चांगलं चाललंय ना." मी लेक्चर दिलं नाही, पायोनियरिंगची, म्हणजे काठ्या-दोरांनी वस्तू उभारायची, स्पर्धा ठेवली, तीन काठ्यांचा हात धुवायचा स्टँड, लॅशिंग म्हणजे दोराची बांधणी घट्ट हवी, त्यावर पाण्याने भरलेलं घमेलं ठेवून बघायचं. मुलींचा उभा राहिला, मुलग्यांच्या एका पॅट्रोलचा घमेल्यासकट खाली आला. नंतर तीच मुलं त्यांच्याकडे जाऊन विचारत होती की तुम्ही वेढे किती घेतले.

आता कमी कुठे पडतंय. सगळ्यात मोठी गोष्ट बाई लीडर. मुली आहेत तिथे किमान एक बाई लीडर पूर्ण वेळ हजर हवीच, आणि कुठलाही मोठा माणूस कुठल्याही मुलाबरोबर किंवा मुलीबरोबर एकटा थांबणार नाही, हे आमच्याकडे काटेकोर आहे. अमेरिकेतही हाच नियम, मुली असतील तर एकवीस वर्षांवरची नोंदणी केलेली बाई लीडर असल्याशिवाय कार्यक्रमच नाही. पण आमच्याकडे ताई दोनच, त्यातल्या एकीला बरं नसलं तर दुसरीवर सगळं येतं, आणि मुलींचे कार्यक्रम मुलग्यांपेक्षा जास्त वेळा पुढे ढकलले गेलेत. हे मुलींवर अन्यायकारक आहे. तो अर्धा स्टार इथे गेला.

दुसरं टॉयलेट. एका कॅम्पच्या जागेवाल्याने फोनवर सांगितलं होतं सगळं आहे, प्रत्यक्षात दाराला कडी नाही आणि दिवा नाही. ताईंनी दोरीने कडी करून घेतली, आळीपाळीने पहारा ठेवला, निभावलं, पण असं निभवायची वेळ येऊ नये. आता आम्ही जागा आधी जाऊन बघतो, पाणी, कडी, दिवा, कचऱ्याचा झाकणाचा डबा. फर्स्ट एडच्या पेटीत सॅनिटरी पॅड असतातच, आणि मुलग्यांना फर्स्ट एड शिकवताना पेटीतल्या इतर वस्तूंबरोबर तेही साध्या भाषेत सांगतो, एकदा सांगितल्यावर कोणी हसत नाही.

तिसरं आमच्या हातात नाही, ते तुमच्या. मुलीला रविवारी पाठवणारे पालक कॅम्पला मागे घेतात. "दिवसभर ठेवा, रात्री आम्ही न्यायला येतो." काळजी मला कळते, मीही बाप आहे. पण रात्री शेकोटी, पहाऱ्याची पाळी, पहाटे थंडीत उठून चूल पेटवणं, पॅट्रोल खरी तयार होते ती तिथेच, आणि सोपानाच्या परीक्षेतली कितीतरी कामं कॅम्पवरच होतात. जी मुलगी दर वेळी संध्याकाळी सातला घरी जाते ती कितीही हुशार असली तरी पॅट्रोल लीडर म्हणून तिच्या मैत्रिणी तिला निवडत नाहीत, हे मी बघितलंय आणि मला फार वाईट वाटतं, कारण त्यात तिचा काहीच दोष नसतो. दहावीच्या मार्कांसाठी किंवा सर्टिफिकेटसाठी पाठवणार असाल तरी पाठवा, माझी हरकत नाही, पण मग कॅम्पसकट पाठवा.

नवीन बॅच शाळा सुरू झाल्यावर. मुलीची आई, मावशी, आत्या, मोठी बहीण, कोणालाही रविवारची सकाळ देता येत असेल तर ट्रेनिंगचं आम्ही बघतो, आधी काही येत असायची गरज नाही, आत्ताच्या दोन्ही ताईंना सुरुवातीला रीफ नॉटची साधी गाठही येत नव्हती. आणि कॅम्पची भीती वाटत असेल तर पहिल्या संध्याकाळी स्वतः या, जागा बघा, टॉयलेटची कडी लावून बघा, मुलींचे तंबू कुठे आणि ताईंचा तंबू कुठे ते बघा, ताईंना काय विचारायचं ते विचारा, आणि मग घरी न्यायचं की ठेवायचं ते मुलीला विचारून ठरवा.