आईचा टूडी इको: झडपेचं नेमकं काय झालंय ते इथे कळलं

वयस्कर माणसाच्या हृदयाच्या झडपेची तपासणी करायची असेल तर कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या या इको (म्हणजे हृदयाची सोनोग्राफी) सेंटरला माझे पाचपैकी साडेचार तारे.

आई ७८ वर्षांची. जिना चढला की तिला धाप लागायची. फॅमिली डॉक्टरांना स्टेथोस्कोपने मर्मर (ठोक्यांमधला जादा सू-सू आवाज) ऐकू आला, तो मानेपर्यंत जात होता. आधी दुसऱ्या एका ठिकाणी इको केला होता. तो झटपट उरकला आणि रिपोर्टात 'वयोमानानुसार बदल' एवढीच ओळ. कसला बदल, किती, पुढे काय करायचं, काहीच नाही. म्हातारं माणूस म्हटलं की तपासणी अशी उरकून टाकतात, याचा मला मनापासून राग येतो.

इथे डॉक्टर मॅडम स्वतः इको करतात. उंची, वजन, बीपी घेतलं. डाव्या कुशीवर वळवून नेहमीची मोजमापं झाली. मग आईला उजव्या कुशीवर वळवलं आणि छातीच्या उजव्या कडेला आणि गळ्याखालच्या खळग्यात पेन्सिलीसारखा बारीक प्रोब (मशीनची दांडी) धरून पुन्हा मोजलं. का, ते विचारलं. म्हणाल्या, "झडप अरुंद झाली की रक्ताचा झोत जोरात येतो. तो झोत ज्या रेषेत येतो त्याच रेषेत प्रोब असला तर खरा वेग मिळतो. नाहीतर आजार आहे त्यापेक्षा कमी दिसतो." आणि झालंही तसंच, उजवीकडून वेग जास्त मिळाला, सेकंदाला ३.२ मीटर.

नंतर त्यांनी स्क्रीन आईकडे फिरवली. "काकू, ही तुमची एओर्टिक झडप, हृदयातून महाधमनीत रक्त सोडणारी. तीन पाकळ्या आहेत. या पांढऱ्याशुभ्र गाठी दिसतायत ना, ते कॅल्शियम." पाकळ्यांच्या कडा हलत होत्या, पण बुडाकडचा भाग जागचा हलत नव्हता. मलासुद्धा स्पष्ट दिसत होतं.

निरोगी पाकळी एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते, आणि तेवढ्यातही तीन थर असतात. महाधमनीच्या बाजूला कोलाजेन या प्रथिनाचा चिवट थर, मधे पाणी धरून ठेवणारा मऊ थर, खालच्या कप्प्याच्या बाजूला लवचीक तंतूंचा. दिवसाला लाखभर वेळा उघडमीट. वय वाढतं तसे लवचीक तंतू तुटतात, कोलाजेन वाढतं, पेशी कमी होतात, पाकळी जाड आणि ताठ होते. थोड्याफार प्रमाणात हे सगळ्यांचंच होतं. काहींच्या बाबतीत मात्र तिथे सूज येते, चरबी शिरते आणि पाकळीतल्याच काही पेशी हाडं घडवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात. म्हणजे कॅल्शियम नुसतं येऊन साचत नाही, शरीरच ते तिथे घडवतं. हे मला पहिल्यांदाच कळलं.

आईने लगेच विचारलं, "मग दूध बंद करू का?" मॅडम हसल्या नाहीत, नीट उत्तर दिलं. दूध-नाचणी बंद करून ही गाठ विरघळत नाही, उलट हाडांचं नुकसान होईल. कोलेस्टेरॉलच्या गोळीचंही त्यांनी सांगितलं. झडप अरुंद होत जाणं त्या गोळीने थांबतं का, याच्या मोठ्या चाचण्या झाल्या, थांबत नाही असं निघालं. पण रक्तवाहिन्यांसाठी गोळी चालू ठेवायची.

निरोगी झडपेचं तोंड तीन ते चार चौरस सेंटिमीटर उघडतं. आईचं १.२. एकच्या खाली गेलं किंवा झोताचा वेग सेकंदाला चार मीटरच्या वर गेला की आजार तीव्र धरतात. तेव्हा झडप बदलायचा विचार करायचा. २००२ पासून छाती न उघडता, कॅथेटरने (रक्तवाहिनीतून घातलेल्या बारीक नळीने) नवी झडप बसवण्याची सोय झाली आहे, त्यामुळे या वयातही मार्ग आहे. सध्या मध्यम आजार, एका वर्षाने पुन्हा इको. मधे चक्कर आली, छातीत दुखलं किंवा धाप वाढली तर ताबडतोब दाखवायचं. आताच्या धापेचं सगळं खापर झडपेवर फोडू नका, हिमोग्लोबिनही तपासा, हेही त्यांनीच सुचवलं.

अर्धा तारा कापला तो जिन्यासाठी. सेंटर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. धाप लागणाऱ्या पेशंटना दोन जिने चढायला लावणं बरोबर नाही. निदान मधल्या टप्प्यावर एक खुर्ची तरी ठेवा, ही कळकळीची विनंती.

अपॉइंटमेंट घेऊन गेलात तरी थांबावं लागतं, कारण प्रत्येक पेशंटला त्या पुरेसा वेळ देतात. जुने रिपोर्ट बरोबर न्या, आकडे शेजारी शेजारी ठेवून किती फरक पडलाय ते त्या सांगतात.