कुडाळ बाजारातलं मसाला कांडप, आईच्या मसाल्यासाठी गेले होते (५ पैकी ५)

मालवणी मसाल्याची तयार पाकिटं हल्ली ठाणे-डोंबिवलीला कुठल्याही दुकानात मिळतात, त्यामुळे गावाला जाऊन कांडप करून आणायचं म्हटलं की लोक विचारतात एवढी उठाठेव कशाला. ज्यांच्या घरी आईचा किंवा आजीचा मसाला होता ते नाही विचारत. आमची आई गेल्या वर्षी गणपतीनंतर गेली. बरणीत तिच्या हातचा मसाला होता तो पुरवून पुरवून वापरला, तो संपला, आणि मग मे महिन्यात गावाला गेले तेव्हा ती वर्षानुवर्षं जायची त्याच कांडपावर ठरवून गेले. दुकान छोटं आहे, पाटी पण लगेच दिसत नाही, डंकाच्या, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्राच्या, आवाजाच्या आणि मिरचीच्या ठसक्याच्या मागे जायचं.

आईने मसाल्याची यादी कधी लिहून ठेवली नव्हती. विचारलं की म्हणायची, "अंदाजान घालूचा गो." त्यामुळे मी जरा टेन्शनमध्येच होते की नेमकं सांगायचं काय. तिथल्या काकींनी आधी गाव विचारलं, मग वाडी, मग घर कुठलं, आणि म्हणाल्या "तू तेंचा चेडू मा? थांब." (चेडू म्हणजे मुलगी.) आणि आतून एक जुनी वही काढली, कडा हळदीने पिवळ्या पडलेल्या. त्यात जुन्या गिऱ्हाइकांची मापं लिहून ठेवलीत! आईच्या नावाखाली बेडगी किती, संकेश्वरी किती, धणे, बडीशेप, लवंग, मिरी, दालचिनी, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, हळकुंड सगळं ओळीने, आणि बाजूला पेनाने लिहिलेलं, "खसखस नको. धणे वेगळे भाजणे." मी त्या पानाचा फोटो काढून घेतला, काकींनी स्वतःच वही उजेडात धरली. दुसऱ्या कुठल्या दुकानात असं सांभाळून ठेवतात मला नाही वाटत.

आता कामाबद्दल. मिरची तुम्ही आपली नेऊ शकता किंवा त्यांच्याकडून घेऊ शकता, मी आपली नेली होती, देठं काढून कडक ऊन दाखवलेली. बेडगी रंगासाठी आणि संकेश्वरी तिखटासाठी, हे आईचं गणित, नुसती बेडगी घातली तर रस्सा लालभडक दिसतो पण जिभेला काही लागत नाही. भाजणी प्रत्येक जिन्नसाची वेगळी करतात, किंचित तेलावर, कारण धण्यांना वेळ लागतो आणि मिरची बघता बघता करपते, आणि एकदा करपली की सगळा मसाला कडू. मग डंकावर. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, लोखंडी मुसळं एकामागून एक वर जातात आणि उखळात पडतात, म्हणजे मसाला कुटला जातो, चक्कीसारखा दगडात रगडला जात नाही, त्यामुळे तो तेवढा तापत नाही आणि वास आणि रंग दोन्ही टिकतात. मग चाळतात, वरचं जाडं परत उखळात. आमच्या आधी कुणाचा तरी जास्त तिखटाचा मसाला झाला होता तर न सांगता त्यांनी उखळ पुसून घेतलं आणि आमची पहिली मूठ बाजूला काढली. वजन समोर करतात, भाजणीचे पैसे वेगळे, कांडपाचे वेगळे, जीपे चालतं.

या मसाल्यावर आमचं घर उभं राहिलं म्हणून मी एवढं लिहितेय. बाबा परळला गिरणीत होते, आई गावाला आम्हा भावंडांना आणि म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांना घेऊन. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती, मे महिन्यात आलेले चाकरमानी परत निघाले की त्यांच्याबरोबर एसटीने बाबांसाठी मसाल्याची पिशवी जायची आणि तिकडून मनीऑर्डर यायची. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, मनीऑर्डर थांबली, आणि पुढे बाबा वळकटी घेऊन घरीच आले. आईने कुणापुढे हात पसरला नाही. वाडीतल्या बायकांना पडवीत बसवून मिरच्यांची देठं काढून घ्यायची, हातांची आग झाली की सगळ्यांना खोबरेल तेल द्यायची, आणि मसाला करून मुंबईला जाणाऱ्यांना विकायची. आमच्या फिया, पुस्तकं, ताईचं लग्न सगळं त्यातून. गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो, वजनात गुंजभर इकडेतिकडे नाही. आणि आम्ही घाई केली की ओरडायची, "गरम गरम भरू नको, आधी थंड होवंदे!"

नातवंडांवर मात्र कधी ओरडली नाही. माझी मुलगी सुट्टीत गेली की तिला शेजारी बसवून आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं करायची, मुलांसाठी तिखट कमी आणि नारळाचा रस जास्त. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं स्वतः ठेचून घालायची आणि वाढताना तिच्या ताटातली एकेक वेचून काढायची. आजारी होती तेव्हा पण फोनवर पहिला प्रश्न, "चेडवान जेवला काय?"

मसाला घेऊन घरी आले आणि दुसऱ्या दिवशी काळे वाटाणेच केले. मुलीला काहीच सांगितलं नव्हतं, तिने आंबोळी बुडवून खाल्ली आणि विचारलं आजीची बरणी संपली होती ना मग हे कुठून आलं. माझा भाऊ जेवणाबद्दल कधी बोलत नाही, त्याने उरलेलं सांबारं संध्याकाळी भाताबरोबर संपवलं. रंग, वास, घशाला लागणारा तो मागून येणारा तिखटपणा, सगळं तेच. मला अजून काय पाहिजे.

तक्रार म्हणाल तर पॅकिंगची, साध्या पातळ पिशवीत भरून देतात, त्यामुळे घरून झाकणाचे डबे घेऊन जा. बसायला एकच बाकडं आहे आणि मे महिन्यात गर्दी खूप, सकाळी लवकर नंबर लावला तर दुपारपर्यंत होतं. दम्याचा त्रास असेल तर आत थांबू नका, नाकातोंडाला रुमाल सगळ्यांनीच बांधावा. घरी आल्यावर मसाला परातीत पसरून पूर्ण गार करा, मग कोरड्या चिनीमातीच्या बरणीत दाबून भरा आणि वर खडा हिंगाचे दोन-तीन तुकडे ठेवा, कीड लागत नाही.

आणि मृग लागायच्या आधी जा. पाऊस सुरू झाला की मिरची नीट वाळत नाही, मग कांडपवाल्यांनी कितीही चांगलं काम केलं तरी मसाला टिकत नाही.