फियाट की अँबेसिडर? आधी पार्किंग मोजा

जुनी गाडी घरीच, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या हाताने तयार करायची असं ठरवलं की पुण्यात बहुतेकांची गाडी दोनच नावांवर येऊन अडते. मारुती ८०० ला 'क्लासिक' म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही. उरतात प्रीमियर पद्मिनी, जिला आपण सगळे फियाटच म्हणतो, आणि अँबेसिडर. मी कोथरूडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये फियाट केली. तीन पावसाळे गेले. मावसभावाने सासवडला घराच्या अंगणात अँबेसिडर केली. दोन्ही गाड्यांखाली मी पाठ टेकलेली आहे.

इंजिनावरून निवड करू नका. फियाटचं १०८९ सीसीचं, जुन्या अँबेसिडरचं १४८९ सीसीचं. दोन्हींत पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बोरेटर, प्लगला ठिणगी पुरवणारे पॉइंट आणि डिस्ट्रिब्युटर, सगळं डोळ्यांना दिसणारं. सिलिंडर बोअर करायला (आतून कोरून घ्यायला) आणि क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) घासायला माल बाहेर न्यावाच लागतो. घरी आपण सोडवायचं आणि जोडायचं. फरक वजनात आहे. फियाटचं इंजिन चेन-ब्लॉक (साखळीची कप्पी) लावून दोघांनी काढलं. अँबेसिडरच्या वेळी शेजारच्या दोघांना चहाच्या बोलीवर बोलवावं लागलं.

पैसे आणि महिने खातो तो पत्रा. अँबेसिडर रणगाड्यासारखी दिसते म्हणून खाली वेगळी चासी (लोखंडी चौकट) असेल असं पुष्कळांना वाटतं. तशी ती नाही. दोन्ही गाड्यांची बॉडी हाच त्यांचा सांगाडा आहे. म्हणजे दाराखालचा उंबरा आणि पायाखालचा पत्रा कुजला, तर गाडीचा कणाच कुजला. अँबेसिडरचा पत्रा जाड, वेल्डिंगला थोडा सोसतो. फियाटचा पत्रा घाईच्या हाताखाली भोकं पाडून घेतो. काहीही असो, एका वेळी एकच बाजू कापायची, आणि दारं लावलेली ठेवूनच, नाहीतर नवा पत्रा बसतो आणि दार बसत नाही. माझी फियाट घेताना रंग आरशासारखा होता. घासायला घेतला तेव्हा चाकाच्या कमानीतून लांबीची (पेंटर खड्डे बुजवायला भरतात त्या लुकणाची) बोटभर जाड ढेकळं निघाली, आणि त्यांच्या मागे पत्राच नव्हता. त्या पेंटरची कला खरंच दाद देण्यासारखी. तेव्हापासून जुनी गाडी बघायला जाताना खिशात फ्रिजवरचं लोहचुंबक असतं; पत्र्याला ते चिकटतं, लांबीला नाही.

आता जागा. फियाट लांबीला चार मीटरच्या आत, रुंदीला दीड मीटरच्याही आत. सोसायटीच्या एका खणात ती उभी करून बाजूला बसून काम करता येतं. अँबेसिडर सुमारे ४.३ मीटर लांब आणि फियाटपेक्षा चांगली वीतभर जास्त रुंद असते. तिचं दार काढून ठेवायचं म्हटलं तरी शेजाऱ्याच्या स्कूटरशी वाटाघाटी कराव्या लागतात. शिवाय सुटे भाग. एक गाडी उघडली की तिचे भाग दोन गाड्यांची जागा व्यापतात, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. बायकोला सांगायला हवं होतं.

सुट्या भागांसाठी नाना पेठ, आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार. फियाट कुर्ल्याला बनायची आणि मुंबईची काळी-पिवळी तीच होती, त्यामुळे इथे न मिळालेलं मुंबईत मिळायची शक्यता मोठी. तरी २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, आता माल आटत जाणार. अँबेसिडर बंगालमध्ये उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत बनत होती, म्हणून यांत्रिक भाग मिळतात, पण जुन्या मॉडेलची जाळी, दिवे, काचा यांसाठी चपला झिजतात.

चालवायला? मागे आई-वडील बसणार असतील तर अँबेसिडर, वादच नाही. स्वतः चालवायची मजा फियाटमध्ये.

मॉडिफिकेशनच्या बाबतीत मी जरा कर्मठ आहे, आणि कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते पुन्हा ठणकावून सांगितलं. जुन्या अँबेसिडरमध्ये इसुझूचं इंजिन बसवायचा मोह सगळ्यांना होतो, कारण नंतरच्या अँबेसिडरमध्ये तेच होतं. आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. मी फक्त उलटे फिरवता येतील असेच बदल केले: बॅटरी चार्ज करायला डायनॅमोऐवजी अल्टरनेटर, पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, हेडलाइटला रिले, सीटबेल्ट. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुनं रबर खातं, म्हणून पेट्रोलचे पाइप आणि कार्बोरेटरचे वॉशर बदलणं ही चैन नाही. तसंच ब्रेक. जुन्या मॉडेलमध्ये मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणारा भाग, एकेरी असतो. एका चाकाशी गळती झाली की चारही ब्रेक एकदम जातात, आणि कात्रजचा घाट काही थांबून राहत नाही.

पन्नाशी ओलांडलेली गाडी असेल तर २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. पण अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी आणि रोज रस्त्यावर आणायची नाही; रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढंच. रविवारी मिसळ खायला जायचं असेल तर दर पाच वर्षांनी होणारं नोंदणीचं साधं नूतनीकरणच बरं.

तेव्हा फ्लॅटमध्ये राहता, एकच खण आहे, हात नवे आहेत, तर फियाट. अंगण आहे, उचलायला माणसं आहेत, तर अँबेसिडर. आणि गाडी बघायला भर पावसात जा. चटई उचलून हात लावा, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात बघा. मालक 'कालच धुतली' म्हणाला, तर चुंबक बाहेर काढा.