‘नॅशनल’च्या नावाखाली 19,700 रुपये गेले. नाशिकच्या पालकांनो, पैसे भरण्याआधी हे वाचा

ज्यांचं पोर आठवी ते बारावीत आहे, मैदानी स्पर्धा खेळतं आणि ज्यांना एखाद्या सरांकडून ‘अभिनंदन, आपल्या पाल्याची राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली आहे’ असा मेसेज आलाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. पैसे अजून गेले नसतील तर थांबा. थोडे गेले असतील तर पुढचा हप्ता रोखा.

आमचा हिशोब आधी सांगते, म्हणजे तुमच्या मोबाईलवर आलेल्या यादीशी ताडून बघता येईल. निवड चाचणी 500. नोंदणी 1,500. ट्रॅकसूट आणि किट 3,200. प्रवास, निवास, जेवण 14,500. एका मुलीमागे 19,700 रुपये. अशी शहर आणि ग्रामीण मिळून 31 मुलं होती, म्हणजे 6,10,700. परत आल्यावर त्यातल्या नऊ जणांना नेपाळच्या ‘इंटरनॅशनल’साठी निवडलं. त्याचे प्रत्येकी 38,000, पैकी 25,000 आगाऊ. ती स्पर्धा झालीच नाही आणि ते 2,25,000 परतही आले नाहीत. एकूण 8,35,700 रुपये. यात सातपूर-अंबडच्या कंपन्यांतल्या कामगारांचे ओव्हरटाइमचे पैसे आहेत. निफाडकडच्या एका बापाने कांद्याची पट्टी हातात पडली त्याच दिवशी पैसे भरले. पेठ-सुरगाण्याकडच्या दोघांनी उसने घेतले.

या धंद्याची पद्धत बहुतेकांना ठाऊक आहे, तरी माणसं अडकतात, कारण दिसायला सगळं खरं असतं. संघटनेच्या नावात ‘स्कूल’, ‘गेम्स’, ‘फेडरेशन’, ‘इंडिया’ हे चारही शब्द होते. खऱ्या शालेय राष्ट्रीय स्पर्धा स्कूल गेम्स फेडरेशन ऑफ इंडियाच्या असतात. इथे शब्द तेच, क्रम वेगळा. लेटरहेडवर नोंदणी क्रमांक, आयएसओ, नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलचा क्रमांक, उद्यम नोंदणी, सगळं ओळीने छापलेलं. आम्ही ते क्रमांक तपासले आणि ते खरे निघाले! पण संस्था नोंदणीचा दाखला कोणत्याही सात जणांना मिळतो, दर्पणचा क्रमांक फुकट मिळतो आणि उद्यम नोंदणी तर दुकानदारही करतो. नोंदणी वेगळी आणि खेळाची मान्यता वेगळी. ‘आम्ही रजिस्टर्ड आहोत’ असं कोणी ठासून सांगितलं की लगेच विचारा, मान्यता कोणाची? शालेय स्पर्धा असेल तर क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या परिपत्रकात तिचं नाव दाखवा म्हणा. खुली स्पर्धा असेल तर त्या खेळाच्या राष्ट्रीय महासंघाला केंद्रीय क्रीडा मंत्रालयाची मान्यता आहे का आणि राज्य संघटना त्या महासंघाला संलग्न आहे का, हे दाखवा म्हणा. या दोन्हींपैकी एकही कागद नसेल तर ती खासगी स्पर्धा आहे. खासगी स्पर्धा भरवणं गुन्हा नाही, पण ती ‘शालेय राष्ट्रीय’ म्हणून विकणं ही फसवणूक आहे.

आता तो फॉर्म. आजही डोळ्यांसमोर आला की संताप होतो. खऱ्या शालेय स्पर्धेची प्रवेशिका शाळेतूनच जाते. तिच्यावर विद्यार्थ्याचा जनरल रजिस्टर क्रमांक (शाळेच्या नोंदवहीतला), जन्मतारीख, इयत्ता, फोटोवर शाळेचा शिक्का आणि मुख्याध्यापकांची सही असते, कारण 14, 17 आणि 19 वर्षांखालचे गट वयावर चालतात आणि वयाची जबाबदारी शाळा घेते. आमच्या हातात आलेला फॉर्म गुळगुळीत रंगीत कागदावर छापलेला होता. मुलीचं नाव, रक्तगट, टी-शर्टचा साईज, बुटाचा नंबर आणि सगळ्यात खाली पैसे भरल्याचा यूपीआय व्यवहार क्रमांक. टी-शर्टचा साईज विचारला होता, जनरल रजिस्टर नंबर विचारला नव्हता. मुख्याध्यापकांच्या सहीला जागाच नव्हती. तिथेच कळायला हवं होतं, तिथेच! पण समोर उभे असलेले सर स्वतः चांगले धावपटू होते, वर्षानुवर्षं पोरांना पहाटे पळवत होते. ‘शाळेच्या भानगडीत पडू नका, शाळा वेळ लावते, मी थेट एंट्री करतो’ असं ते म्हणाले आणि शाळा वेळ लावते हे तर खरंच होतं. ज्या माणसाच्या शिट्टीवर आपली पोर रोज धावते, त्याचा कागद कोण तपासतं?

निवड चाचणीतही खुणा होत्या. चेस्ट नंबर नव्हते. लेन आखलेल्या नव्हत्या. गोळाफेकीला मुलामुलींना, लहानमोठ्यांना एकच गोळा. ज्याला खेळ कळतो त्याला हे पुरे, कारण गोळ्याचं वजन वयोगट आणि मुलगा-मुलगी यावर ठरतं. मोठ्यांतसुद्धा पुरुषांना 7.26 किलो आणि महिलांना 4 किलो असतो. वेळ घ्यायला एकच माणूस, मोबाईलवर. निकालपत्रक लागलं नाही, आणि आली तेवढी सगळी मुलं निवडली गेली. 31 पैकी 31. खऱ्या निवडीत निम्म्याहून जास्त पोरं रडत घरी जातात. जिथे कोणीच वगळलं जात नाही तिथे निवड होत नाही, वसुली होते. आमच्या बाजूने एवढंच सांगते की खऱ्या स्पर्धाही कधी कधी पावसाळ्यात, चिखलात, अपुऱ्या पंचांवर उरकल्या जातात. गैरसोय बघायची सवय झालेल्या पालकाला गैरसोय आणि बनाव यातला फरक पटकन दिसत नाही. लबाड माणूस नेमका याच सवयीवर पैसे कमावतो.

थ्री टियर एसीचे पैसे घेऊन नाशिकरोडहून स्लीपरने नेलं. त्याचं मला फार नाही, पोरं कशीही जातात. पण उत्तर प्रदेशातल्या ज्या मैदानावर ‘राष्ट्रीय’ झाली तिथे 400 मीटरचा ट्रॅकच नव्हता. फक्कीने 200 मीटरचं वर्तुळ मारलेलं, तेही एका बाजूला चेपलेलं. मुलींची 3,000 मीटर म्हणजे खऱ्या ट्रॅकवर साडेसात फेऱ्या, इथे पंधरा. फेऱ्या मोजायला वेगळा माणूस नाही, राहिलेल्या फेऱ्यांचा फलक नाही, शेवटच्या फेरीची घंटा नाही. मोजणाऱ्याचा गोंधळ झाला. दोन मुली चौदा फेऱ्यांवर थांबल्या, एक सोळावी धावली, आणि तिघींनाही पदक मिळालं. ज्या शर्यतीत मुली जास्त होत्या तिच्या दोन-तीन हीट केल्या आणि प्रत्येक हीटला वेगळं सुवर्ण दिलं. खरी हीट ही फायनलसाठीची चाळणी असते, तिला पदक नसतं. मोजून दोन राज्यांची मुलं आली होती. पोरी सोन्याची पदकं गळ्यात घालून आल्या, आम्ही स्टेशनवर हार घातले, सोसायटीत बॅनर लागला.

प्रमाणपत्रावर क्यूआर कोड होता. आम्ही तो स्कॅन केला. मुलीचं नाव, प्रकार, क्रमांक, सगळं उघडलं. उघडलं ते त्याच संघटनेच्या साईटवर! म्हणजे ज्याने कागद छापला त्यानेच तो खरा असल्याचं सांगितलं. क्यूआर कोडला भुलू नका. कोड कोणत्या साईटवर नेतो ते बघा.

दहावीच्या क्रीडा सवलतीच्या गुणांसाठी कागद दिला तेव्हा सगळं उघडं पडलं. हे गुण जास्तीत जास्त 25 आणि ते नुसत्या पदकावर मिळत नाहीत. शाळेमार्फत आपले सरकार पोर्टलवर प्रस्ताव जातो, जिल्हा क्रीडा कार्यालय तो पडताळतं आणि मग बोर्डाकडे शिफारस होते. पडताळणीत आमचा कागद बाद झाला, कारण स्पर्धाच यादीत नाही. पुढे शासकीय नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणालाही असा कागद चालत नाही. तिथे विभागीय उपसंचालकांकडून प्रमाणपत्राची पडताळणी लागते आणि बोगस निघालं तर गुन्हा प्रमाणपत्र देणाऱ्यावर तर होतोच, लावणाऱ्यावरही होऊ शकतो. केंद्राच्या भरतीत शालेय राष्ट्रीय स्पर्धेसाठी ‘फॉर्म 4’ लागतो आणि त्यावर शिक्षण किंवा क्रीडा संचालनालयाच्या अधिकाऱ्याची सही असते. एखाद्या संघटनेच्या ‘सेक्रेटरी जनरल’ची चालत नाही. तुमच्या घरात असा कागद असेल तर तो कुठेही जोडू नका. फाडूही नका, तो पुरावा आहे.

पैशांपेक्षा मोठं नुकसान वेगळंच. नाशिक शहरातल्या मुलांना मनपास्तर, ग्रामीण भागातल्यांना तालुका आणि मग जिल्हा, तिथून विभाग म्हणजे नाशिक, धुळे, जळगाव, नंदुरबार, मग राज्य आणि मग राष्ट्रीय. ही एकच शिडी आहे आणि तिची पहिली पायरी चुकली की त्या वर्षी वरच्या सगळ्या बंद. ‘आपली थेट नॅशनल झालीय, मनपाला कशाला पळवता, पाय दुखावेल’ असं सांगून सरांनी पोरींना खऱ्या स्पर्धेपासून लांब ठेवलं. सतरा वर्षांखालचं शेवटचं वर्ष होतं काहींचं. ते वय परत येत नाही. ज्या जिल्ह्याने कविता राऊतसारखी धावपटू दिली, 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्य आणणारी, तिथल्या आदिवासी पाड्यांवरच्या पोरींना हे लोक तिचं ‘सावरपाडा एक्सप्रेस’ हे टोपणनाव सांगून पैसे मागतात. कविता खऱ्या शर्यती पळून वर गेली. तिचं नाव घ्यायची यांची लायकी नाही.

यंत्रणेबद्दल काय सांगू. एका कार्यालयात म्हणाले, ती संघटना आमच्या अखत्यारीत नाही. बरोबर, नाही! म्हणूनच तर तक्रार आहे. शालेय राष्ट्रीयच्या नावाने कोणी दुकान उघडलं असेल तर निदान एक जाहीर सूचना काढा, शाळांना एक ओळ कळवा. तर म्हणे, वरून आदेश लागेल. शाळेने हात झटकले, आम्ही मुलांना पाठवलंच नव्हतं. पण तीच मुलं पदकं घेऊन आली तेव्हा प्रार्थनेच्या वेळी सत्कार याच शाळेने केला, फोटो स्वतःच्या पानावर टाकला आणि तोच फोटो त्या सरांनी पुढच्या पालकांना पुरावा म्हणून दाखवला. पोलीस ठाण्यात ऐकवलं की स्पर्धा झाली, मुलं जाऊन आली, पदकं मिळाली, मग फसवणूक कुठे? हा दिवाणी मामला आहे. दुसरीकडे म्हणाले, पैसे तुम्ही स्वतःहून भरलेत, ओटीपी कोणी चोरला नाही, त्यामुळे हे सायबरमध्ये बसत नाही. एक साहेब तर म्हणाले, ‘ताई, पोरीचं नाव होईल तक्रारीत, विचार करा.’ फसवणाऱ्याने नावाचा विचार करायचा की पोरीने? अर्ज दिला तर पोच देत नाहीत. पोच मागितली की आवाज चढतो. ज्याच्याकडे जावं तो पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतो आणि तेवढ्यात तो माणूस नव्या नावाने नवा ग्रुप काढून पुढच्या वर्षाच्या चाचण्या लावतो. फोटो तोच, नाव नवं.

खोटी माहिती देऊन पैसे घेणं ही फसवणूकच आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 318(4). शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. मुलं जाऊन आली म्हणून गुन्हा संपत नाही, कारण पैसे घेतले ते ‘शालेय राष्ट्रीय’ म्हणून. हे वाक्य तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा आणि ज्या मेसेजमध्ये ‘शासनमान्य’ किंवा ‘ग्रेस मार्क मिळतील’ असं लिहिलंय त्याचा स्क्रीनशॉट जोडा. ठाण्यात घेतलं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे लेखी तक्रार टपालाने वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवता येते. शहरात पोलीस उपायुक्त, ग्रामीणला पोलीस अधीक्षक. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि 5 लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फी नाही. पैसे नुकतेच ऑनलाइन गेले असतील तर वाद घालत बसू नका, आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, रक्कम खात्यात गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

सरांचा ग्रुप सोडू नका, आधी चॅट एक्सपोर्ट करा. ग्रुप डिलीट झाला की पुरावा गेला. रोख देऊ नका. वैयक्तिक खात्यावर तर अजिबात नाही. राज्याच्या शालेय संघात खरंच निवड झाली की शिबिर, गणवेश आणि प्रवास यांची सोय शासन करतं. तिथे पालकाकडून 14,500 रुपये मागायचा प्रश्नच येत नाही. आणि जून-जुलैत शाळा उघडली की शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना लेखी विचारा, आमच्या मुलीची मनपाची ऑनलाइन प्रवेशिका भरली का. ते ‘हो’ म्हणाले तरी प्रत मागा.

ज्यांचे पैसे याच पद्धतीने गेलेत त्यांनी बँकेचं स्टेटमेंट काढून त्यावर तो व्यवहार खुणेने दाखवून ठेवा. एकट्याच्या 19,700 ची कोणी दखल घेत नाही. 31 जणांच्या सह्यांचा एकच अर्ज आम्ही तयार केलाय, आणि नव्या ग्रुपमधल्या पालकांसाठी शेवटच्या पानावर जागा मोकळी ठेवली आहे.