भरती-ओहोटी न पाहता आखलेली अंदमान सहल

नांदेडहून हैदराबादमार्गे अंदमानला नेणाऱ्या एका सहल कंपनीच्या गटाबरोबर आम्ही या हिवाळ्यात जाऊन आलो. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण दोष एकट्या तिचा नाही. परतल्यावर लातूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या आणखी काही कंपन्यांच्या छापील कार्यक्रमपत्रिका मिळवून वाचल्या, तर त्यांतही तोच प्रकार दिसला. राहण्याची सोय चांगली होती, जेवण उत्तम होते आणि ज्येष्ठांची काळजी मनापासून घेतली गेली. समुद्र दाखवण्याचे काम मात्र कंपनीला जमले नाही. ज्या किनाऱ्यासाठी माणूस एवढा खर्च करून जातो त्या किनाऱ्याचा दिनक्रम भरती-ओहोटी ठरवते, आणि आमच्या पत्रिकेत न्याहारीपासून रात्रीच्या आइस्क्रीमपर्यंत सगळ्याची वेळ दिलेली असताना भरती-ओहोटीचा उल्लेख एकदाही नव्हता.

हे सर्वांत ठळकपणे दिसले ते नील बेटावर, म्हणजे आताच्या शहीद द्वीपावर. या लहानशा बेटावर पाहण्यासारखी दोन मुख्य ठिकाणे आहेत आणि दोघांची गरज नेमकी उलट आहे. लक्ष्मणपूरजवळची खडकाची नैसर्गिक कमान पाहायची तर ओहोटी हवी, कारण तिच्यापर्यंतची वाट समुद्राच्या तळातूनच जाते. भरतपूरच्या किनाऱ्यावर काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ पाहायचे तर पाणी भरलेले हवे. ओहोटीला तेथे पाणी इतके मागे हटते की होड्या उथळात अडकतात. दिवसात साधारणपणे दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात आणि त्यांची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. म्हणजे एका गटाला सकाळी कमान आणि दुपारी भरतपूर योग्य ठरले, तर आठवड्याने येणाऱ्या गटासाठी हाच क्रम उलटा करावा लागतो. आमच्या कंपनीचा क्रम हंगामभर एकच असतो, असे व्यवस्थापकानेच सांगितले. परिणामी आम्ही कमानीकडे पोहोचलो तेव्हा पायऱ्यांच्या तळाशी लाटा आपटत होत्या, आणि भरतपूरला पोहोचलो तेव्हा होड्या वाळूवर कलंडून पडल्या होत्या. व्यवस्थापकाला विचारले, तर तो म्हणाला, “काका, निसर्गापुढं आपलं काय चालतंय?” निसर्गापुढे चालत नाही हे खरेच, परंतु भारतीय सर्वेक्षण विभाग देशातील बंदरांची भरती-ओहोटीची कोष्टके आगाऊ प्रसिद्ध करतो, तेव्हा यात अनपेक्षित असे काहीच नव्हते.

आमच्यापैकी काही जणांनी दुसऱ्या दिवशी पहाटे स्वखर्चाने रिक्षा करून कमान गाठली. पाणी ओसरलेले होते आणि खडकांमधील खळग्यांत जे उरले होते ते पाहताना सगळ्या सहलीत पहिल्यांदा कोणालाही घड्याळ आठवले नाही. एका खळग्यात ढोपरभरही पाणी नव्हते; तळाशी हातभर लांबीची काळी समुद्रकाकडी (काकडीसारखा दिसणारा सागरी प्राणी) निवांत पडलेली होती, तिच्याशेजारी निळसर कडा असलेला शिंपला वाळूत रुतून बसला होता आणि आमची सावली पडताच त्याने आपले तोंड आवळून घेतले. स्थानिक वाटाड्याने बोटाने न दाखवता काठीने दाखवले आणि कशालाही हात लावू नका, असे दरडावून सांगितले, हे मला आवडले. खडक धारदार आणि शेवाळलेले आहेत, त्यामुळे चपला काढून जाण्याची हौस करू नये. मागे पट्टा असलेली, भिजली तरी चालतील अशी पादत्राणे न्यावीत.

येथे थोडे विषयांतर. नील बेट भाजीपाल्यासाठी ओळखले जाते आणि तेथील शेतकरी बहुतांशी फाळणीनंतर पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्या कुटुंबांतील आहेत. आमच्या गटात परभणीकडचे एक नाना होते. त्यांनी समुद्राकडे पाठ करून वांग्याच्या वाफ्यात उभ्या असलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला तो, पाणी किती फुटांवर लागते, हा. दोघांचे मोडक्या हिंदीत बराच वेळ चालले. कार्यक्रमपत्रिकेत नसलेला हा थांबा गटातल्या शेतकरी मंडळींना कमानीपेक्षा जास्त भावला, हे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

हॅवलॉक, म्हणजे स्वराज द्वीप, हा सहलीचा मुख्य भाग. तेथील राधानगर किनाऱ्याला २०२० साली ‘ब्लू फ्लॅग’ हे स्वच्छतेचे आणि सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले, आणि ते त्याला शोभते. पांढरी, पिठासारखी मऊ वाळू, मागे उंच झाडांचे दाट रान आणि पश्चिमेकडे मोकळा समुद्र, अशी त्याची रचना असल्यामुळे सूर्यास्तासाठी हाच किनारा गाठायचा असतो. अडचण अशी की अंदमान आपल्यापेक्षा पुष्कळ पूर्वेला असूनही घड्याळ मात्र आपलेच चालते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत तेथे पाच-सव्वापाचलाच सूर्य मावळतो. मराठवाड्याच्या सवयीने चार वाजता हॉटेलात चहा-बिस्किटे घेऊन निघालेला आमचा गट पोहोचला तेव्हा जीवरक्षकांनी शिट्ट्या वाजवून लोकांना पाण्याबाहेर काढायला सुरुवात केली होती. येथे दुपारी तीनला पोहोचावे, चहा किनाऱ्यावरच्या टपरीवर घ्यावा. अंदमानच्या काही किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातील मगरींचा वावर असतो, म्हणून जाळी लावलेल्या हद्दीबाहेर आणि अंधार पडल्यावर पाण्यात उतरू नये, ही सूचना फलकांवर लिहिलेली आहे आणि ती गांभीर्याने घेण्यासारखी आहे.

एलिफंट बीचवर हॅवलॉकच्या जेट्टीवरून होडीने जाता येते. किनाऱ्यावर वठलेल्या प्रचंड झाडांचे बुंधे आडवे पडलेले दिसतात. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन खचली, त्सुनामीही आली, आणि त्या उलथापालथीच्या खुणा या किनारपट्टीवर अजून आहेत. पण येथे यायचे ते स्नॉर्केलिंगसाठी. आमच्या पिढीतील बरेच जण पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले आहेत, आणि त्यांना प्रथम याच गोष्टीची अडचण झाली: विहिरीत सूर मारताना श्वास रोखायचा असतो, येथे तोंडात नळी धरून सावकाश श्वास घेत राहायचे असते. मास्कमुळे नाक बंद होते, त्यामुळे पहिले दोन-तीन मिनिटे जीव घाबरतो. नंतर एकदा श्वासाची लय लागली की खाऱ्या पाण्यात शरीर आपोआप तरंगते, वाटाड्या रबरी ट्यूब धरून ओढत नेतो आणि आपण फक्त खाली पाहायचे. पोपटाच्या चोचीसारखे तोंड असलेला हिरवा-निळा पॅरटफिश प्रवाळावर तोंड मारतो, तेव्हा दाताखाली खडा आल्यासारखा करकर आवाज पाण्यातही स्पष्ट ऐकू येतो. खाल्लेल्या प्रवाळाचा चुना हा मासा बारीक करून विष्ठेवाटे टाकतो आणि किनाऱ्यावरच्या पांढऱ्या वाळूत त्याचा मोठा वाटा असतो, हे वाटाड्याने सांगितल्यावर राधानगरच्या वाळूत लोळलेल्या आमच्या मंडळींचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते.

सगळा प्रवाळ रंगीत दिसेल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. समुद्राचे तापमान वाढले की प्रवाळ आपल्या अंगातील रंगीत सूक्ष्म शैवाले बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. अंदमानात २०१० मध्ये असे मोठ्या प्रमाणावर घडले होते. जाहिरातीतील छायाचित्रे पाहून जाणाऱ्याला राखाडी, मोडलेले तुकडे पाहून फसवल्यासारखे वाटते. कंपनीने हे आधी सांगितले असते तर निम्मी कुरकुर टळली असती.

होडीच्या तिकिटातच थोडा वेळ स्नॉर्केलिंग समाविष्ट असते आणि अधिक वेळासाठी वेगळे पैसे आकारले जातात, यात गैर काही नाही. गैर झाले ते पुढे. आमच्यापैकी अर्ध्या लोकांची पाळी आली नव्हती, पाणी स्वच्छ होते, वारा पडलेला होता, आणि तेवढ्यात व्यवस्थापकाने हाक दिली की हॉटेलात जेवण तयार आहे, गरम पोळ्या निवतील. पिठले-भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, उपवासाच्या दिवशी भगर-आमटी अशी जेवणाची चैन या कंपनीने केली, आणि बरोबर आणलेल्या स्वयंपाक्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. परंतु पोळीसाठी समुद्र सोडून जाण्याइतके आम्ही उपाशी नव्हतो. धपाटी आणि दह्याचे डबे बरोबर देऊन दुपारपर्यंत किनाऱ्यावर थांबता आले असते.

स्कूबा डायव्हिंग, म्हणजे पाठीवरच्या टाकीतील हवा घेत पाण्याखाली खोल उतरणे, ऐच्छिक होते. पोहता येत नसले तरी प्रशिक्षक बरोबर उतरतो, त्यामुळे तरुणांनी जरूर करावे. दमा, हृदयविकार किंवा कानाचा त्रास असणाऱ्यांनी प्रकृतीच्या अर्जात खरे तेच लिहावे. एका बुडीनंतर विमानात बसण्यापूर्वी किमान १२ तास आणि एकाहून अधिक बुड्या घेतल्या तर किमान १८ तास जाऊ द्यावेत, असा संकेत आहे. परतीच्या आदल्या दिवशी कोणी स्कूबा सुचवले तर हा हिशेब आधी करावा.

श्रीविजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, येथे मराठी माणूस सेल्युलर जेलसाठी जातो आणि त्याविषयी वेगळी शिफारस करण्याची गरज नाही. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात भुजांपैकी तीनच आता उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी पाहताना गटात कोणी बोलत नव्हते, आणि व्यवस्थापकाने येथे घाई केली नाही, हे त्याच्या खात्यावर जमा. समोरचे रॉस बेट (नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) मला अधिक परिणामकारक वाटले. ब्रिटिशांचे मुख्यालय असलेल्या या बेटावरील चर्च आणि बंगल्यांच्या भिंती झाडांच्या मुळांनी अक्षरशः आवळून धरल्या आहेत, आणि त्यांच्यामधून हरणे बिनधास्त फिरतात. नॉर्थ बे येथे मात्र जेट स्की, समुद्रतळावर चालणे आणि दर ठरवणाऱ्या दलालांची गर्दी याखेरीज फारसे हाती लागत नाही. जुन्या वीस रुपयांच्या नोटेवरचा देखावा याच भागाचा आहे, एवढे समाधान.

बाराटांगची चुनखडीची गुहा पत्रिकेतून वगळली तरी चालेल, असे माझे स्पष्ट मत आहे. मध्यरात्रीनंतर उठून वाहनांच्या ताफ्यात जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जावे लागते. तेथे थांबणे आणि छायाचित्र काढणे गुन्हा आहे, तरीही बसमध्ये खिडकीच्या जागेसाठी जी चढाओढ झाली ती गुहेसाठी नव्हती. खाडीतील तिवरांमधून होडीने जाणे सुंदर आहे, हे मान्य. पण त्यासाठी दुसऱ्यांच्या घरातून रस्ता काढू नये. तोच दिवस वंडूरच्या सागरी राष्ट्रीय उद्यानाला द्यावा. तेथील जॉली बॉय बेटावर प्लॅस्टिक नेण्यास बंदी आहे, प्रवेश मर्यादित आहे आणि वन विभागाचा परवाना आधी काढावा लागतो. त्यामुळेच बहुधा कंपन्या ते टाळतात.

बेटांमधल्या जहाजप्रवासात बऱ्याच जणांना मळमळले. खालच्या मजल्यावरची मधली जागा मागून घ्यावी आणि आवळासुपारी जवळ ठेवावी. किनाऱ्यावरून प्रवाळ वा शंख उचलून आणू नयेत. विमानतळावर सामानाची तपासणी होते, प्रवाळाला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. शंख-शिंपल्यांच्या वस्तू हव्याच असतील तर ‘सागरिका’ या सरकारी विक्री केंद्रातून पावतीसह घ्याव्यात.

या कंपनीला जेवण आणि मुक्कामासाठी मी पाचपैकी साडेचार, आणि सहलीच्या आखणीसाठी दोन गुण देईन. आईवडिलांना सेल्युलर जेल दाखवायचे असेल तर निःशंकपणे हिच्याबरोबर पाठवावे. समुद्रासाठी जाणार असाल तर आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी नील बेटाच्या दिवसाची ओहोटी किती वाजता आहे, हे कार्यालयात विचारावे. तारीख निवडायची मोकळीक असेल तर घरातील कॅलेंडर काढावे: अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, ओहोटीला पाणी दूरवर हटते आणि खडक उघडे पडतात, अष्टमीच्या सुमारास हा फरक कमी असतो आणि होड्यांची अडचण तितकीशी होत नाही. सध्या याच कंपनीने मे महिन्याच्या सुट्टीतील सहलीची नोंदणी सवलतीच्या दरात सुरू केली आहे. मे महिन्यात तेथे नैर्ऋत्य मोसमी पाऊस पोहोचतो, समुद्र खवळला की जहाजे रद्द होतात आणि पाणीही गढूळ असते, म्हणून सवलत कितीही असली तरी जानेवारी ते मार्च याच काळातील तारीख मागून घ्यावी.